साहेबांचं ‘समोर’

चांद्याला नेमणूक झाली तेव्हा आमच्या आईनं सगळ्या आळीला सांगितलं, की मुलगा परदेशी निघाला. लोक हसले, पण ती फारशी चुकली नव्हती. आम्ही सातारकडचे, मुंबई राज्यातले. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर, वरचे साहेबलोक हिंदी बोलणारे, आणि मराठी म्हणून जे कानावर पडायचं ते ऐकून पहिल्या आठवड्यात मला वाटलं, की ही माणसं माझी टिंगल करताहेत. स्टेशनावर हमालानं विचारलं, “काऊन भाऊ, कुठी जाऊन राह्यले?” मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यानं वाट पाहून माझी ट्रंक उचलली आणि भलत्याच बसच्या टपावर नेऊन टाकली.

काम नदी मोजण्याचं होतं. पुढेमागे वैनगंगेवर धरण बांधायचं कोणाच्या तरी डोक्यात होतं आणि त्यासाठी पुरात किती पाणी वाहतं ते कळायला हवं होतं. बाकीची सर्वेक्षणवाली मंडळी पावसाळा लागला की तंबू गुंडाळून शहरात परततात, पत्ते कुटतात आणि भजी खातात. आम्ही तेव्हा तंबू ठोकायला निघायचो. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की त्याची शेपटी हमखास आमच्या अंगावर यायची. इथले लोक त्याला झडी म्हणतात. झडी लागली की सूर्य नावाची वस्तू माणूस विसरतो. मिठाचं पाणी होतं, बुटांवर हिरवी बुरशी चढते, अंथरूण पिळून घ्यावं लागतं, आणि रानातले सगळे विंचू कोरडी जागा शोधत तुमच्या तंबूत मुक्कामाला येतात. त्यात हिवताप. मला पहिल्याच पावसाळ्यात तो असा भरला, की मी चार माणसांच्या अंगाखाली दडपलो तरी दात वाजायचे थांबेनात. धरण आजतागायत तिथे झालेलं नाही, हेही सांगून टाकतो.

आमचे साहेब पुण्याचे इंजिनियर. माणूस हुशार, नेटका, पावसातसुद्धा रोज दाढी करणारा, आणि मनानं दगड. मला त्यांचा राग होता, आजही आहे, आणि तो लपवून लिहिण्याचा माझा विचार नाही. मी सातारचा ओव्हरसियर म्हणून त्यांच्या लेखी अर्धा माणूस होतो. इथली माणसं तर त्यांच्या हिशेबातच नव्हती. त्यांना सगळ्यात जास्त चीड होती ती इथल्या बोलीची. ‘मले’ म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. ‘नाई’ म्हटलं की ते समोरच्याला थांबवायचे आणि ‘नाही’ म्हणायला लावायचे, एकदा, दोनदा, जीभ वळेपर्यंत. संध्याकाळची करमणूक म्हणून ते इथल्या लोकांच्या नकला करत. नकला उत्तम करत, हे कबूल केलं पाहिजे.

या नकलांचं आणि दुरुस्त्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे आमचा नावाडी. ढिवर समाजातला, म्हणजे इकडचा कोळी, पन्नाशीकडे झुकलेला, दंडाला दगडासारखा आणि स्वभावानं लोण्यासारखा. सकाळी नाव सोडायच्या आधी साहेब त्याला काठावर उभं करत आणि म्हणत, “बोल, ‘मला नाव सोडायची आहे.’” तो हात जोडून म्हणे, “मले... मला नाव सोडाची...” “सोडायची!” “सोडायची आहे जी.” “‘जी’ नको.” मग सगळे हसत. तोही हसायचा. मला ते हसणं बघवायचं नाही, म्हणून मी मोजणीच्या यंत्राला तेल घालत बसायचो.

तो हे सोसायचा, त्याला कारण होतं. त्याला बिल्ला हवा होता. सरकारी नावाड्याचा पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. पगार काय असतो हे त्यानं मला कधी विचारलंही नाही. त्याला बेगारीतून सुटायचं होतं. कायद्यानं बेगार कधीच बंद झाली होती, पण नदीकाठी कायदा पोचायला वेळ लागतो. जंगलाचा नाकेदार आला, जमादार आला, कोणाचा मेहुणा आला, तरी शिट्टी वाजली की ढिवरानं जेवणावरून उठून नाव काढायची. पुरात काढायची, तापात काढायची. त्याचा बाप तसाच कोणा अंमलदाराला पोचवताना पाण्यात गेला होता. “बिल्ला असला का कोणी शिट्टी मारत नाई, भाऊ,” तो मला म्हणायचा. “बिल्ल्यावाला मानूस साहेबाचा असते.” साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, की माणसासारखं बोलायला शीक, मग मी तुझ्यासाठी वर लिहितो. बिचाऱ्यानं ते खरं मानलं.

त्याची बायको आमच्या तळावर स्वयंपाक करायची. ती तिखट होती. साहेबांपुढे पदर डोक्यावर घेऊन खाली मान घालायची आणि चुलीपाशी आली की नवऱ्याची सालटी काढायची. “काल मले म्हणते, ‘मला भात वाढ’. म्या इकडंतिकडं पाह्यलं. म्हटलं, कोन पाव्हना आला घरात?” नावाडी गालातल्या गालात हसायचा. “साहेब म्हणते, बिल्ला भेटन,” असं म्हणून तो झिंग्यांची भाजी पुढे ओढायचा. मग ती म्हणायची, “बिल्ला भेटन तवा भेटन, आज सरपन कोन आनन?” आणि तो उठायचा.

आता त्या शब्दाबद्दल सांगतो. आमच्याकडे ‘समोर’ म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे, पलीकडे. समोरचं घर, समोरचा काठ. या मुलखात ‘समोर’ म्हणजे पुढे. रस्त्यानं समोर जा म्हणजे नाकाच्या रेषेत चालत राहा. समोरचा महिना म्हणजे पुढचा महिना. पहिल्याच पावसाळ्यात एकदा नाव आमच्या काठाला लागली होती, तोंड प्रवाहाच्या दिशेनं. पलीकडच्या काठावरचा मोजणीचा झेंडा पडला होता, म्हणून साहेब म्हणाले, “नाव समोर घेऊन जा आणि झेंडा नीट कर.” नावाडी निघाला तो नाकासमोर, काठाकाठानं, खालच्या अंगाला. आम्ही हाका मारल्या, त्यानं हात हलवला. झेंडा शोधत तो खालच्या गावापर्यंत गेला आणि दुपार कलल्यावर नाव ओढत परत आला. आम्ही पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याला दोन्ही कान धरायला लावले आणि सगळ्यांपुढे घोकून घेतलं, “समोर म्हणजे पलीकडचा काठ.” मग पुढे कित्येक दिवस ते जाता-येता त्याला विचारत, “समोर म्हणजे?” आणि तो जिथे असेल तिथे, डोक्यावर ओझं असलं तरी, थांबून म्हणे, “पलीकडचा काठ, साहेब.”

तो शिकला. अगदी पक्कं शिकला.

गंमत अशी, की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत साहेबही शिकले होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. नकला करता करता जीभ केव्हा वळते ते माणसाला कळत नाही. गाडीवानाशी बोलताना ते ‘का’ऐवजी सरळ ‘काऊन’ म्हणायचे. एकदा रेशन यायला उशीर झाला तेव्हा मला म्हणाले, “समोरच्या आठवड्यात येईल.” मी मुद्दाम विचारलं, “कुठल्या आठवड्यात?” ते म्हणाले, “पुढच्या. बहिरा झालास का?” मी म्हटलं, “तुम्ही समोरच्या म्हणालात.” त्यावर ते असे बघायला लागले, जसा मी त्यांच्या ताटात हात घातला. “मी असलं बोलेन असं तुला वाटतं?” त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्यांच्या तोंडून ‘करून राह्यलो’ निघालं की नुसता मनातल्या मनात हसायचो.

त्या श्रावणात वादळ आलं ते आजवरचं सगळ्यात वाईट. झडी सुरू झाली आणि थांबेचना. धानाची नुकती रोवणी झालेली शेतं एकसारखी पाण्याखाली गेली. नदी तांबडी, घट्ट, आणि तिच्यावरून अख्ख्या झोपड्यांची छपरं चालली होती. एका छपरावर कोंबडा बसलेला मी पाहिला. साहेब मात्र खूष होते. असा पूर पुन्हा केव्हा मिळणार? त्यांना त्याच्या ऐन भरातलं मोजमाप हवं होतं.

आमची मोजायची रीत अशी, की दोन्ही काठांवरच्या झेंड्यांच्या रेषेत नाव न्यायची, ठिकठिकाणी वल्ह्यांवर तोलून धरायची आणि मीटर पाण्यात सोडायचं. मीटर म्हणजे एक पातं. ते पाण्याच्या ओढीनं फिरतं आणि कानाला लावलेल्या नळीत टिकटिक वाजतं, ती मोजायची. पुरात मीटर वाहून जाऊ नये म्हणून त्याच्याखाली माशाच्या आकाराचं शिशाचं वजन असतं, एका माणसाला जेमतेम उचलेल असं. ती टिकटिक मोजायला एरवी नावेत मी असायचो. त्या दिवशी साहेबांनी मला नावेत बसायला सांगितलं आणि मी नाही म्हटलं. काठावर लाकडाचे ओंडके टाकून वेग मोजता येतो, तसा मोजू, म्हटलं. ते म्हणाले, तो अंदाज झाला, मोजमाप नव्हे. मी म्हटलं, मग तुम्ही बसा. मला बदलीची धमकी मिळाली. मी म्हटलं, करा. मला सातारा होता, घर होतं, दुसरी नोकरी मिळाली असती. त्या दिवशी मी नाही म्हणालो, आणि आजही नाहीच म्हणेन.

मग साहेब नावाड्याकडे वळले. टिकटिक मोजायला तोही शिकला होता, आणि शंभरापर्यंतचे आकडे शुद्ध पुणेरीत म्हणायचा. त्यानं नदीकडे पाहिलं. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, “जाऊ नको. सरळ नाही म्हण.” तो म्हणाला, “आता नाई म्हटलं तं बिल्ला गेला नं, भाऊ.” साहेबांनी लांबून हे ऐकलं आणि म्हणाले, “हा पूर मोजून आण, उद्या तुझ्यासाठी लिहितो. आणि मीटर सांभाळ. मीटर गेलं तर बिल्ला विसर.” नावाड्यानं मीटरचा दोर कमरेला गुंडाळून गाठ मारली. मी ती सोडायला गेलो तर त्यानं माझा हात हळूच बाजूला केला. दुसरं वल्हं धरायला त्यानं आपल्या साळ्याला, बायकोच्या भावाला, घेतलं. बायको चुलीवरून उठून काठावर आली होती. ती ओरडली, “बेगारीच बरी होती का रे!” त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

जाताना ते नीट गेले. मधल्या धारेपर्यंत पोचले, मीटर सोडलं, वर घेतलं, आणि परत फिरले. हे सगळं कसं जमलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. नावेचं तोंड आता आमच्याकडे होतं. मला त्याचा चेहरा दिसत होता. तेवढ्यात वरच्या वळणावरून एक प्रचंड झाड आलं, मुळांसकट, लोळत, अर्धं पाण्याखाली. नावेतून ते दिसत नव्हतं, आम्हाला दिसलं. ते त्यांच्या मागून निघून जाणार होतं. फक्त त्यांनी चार हात जोरात मारून आमच्याकडे यायला हवं होतं.

साहेबांनी भोंगा तोंडाला लावला आणि ओरडले, “समोर! समोर घे!”

नावाड्यानं मान वर केली. साहेबांकडे एकदा पाहिलं. आणि वल्हं पाण्यात खोल रोवून नाव फिरवायला लागला. पलीकडच्या काठाकडे.

साहेब बेंबीच्या देठापासून ओरडले, “अरे गाढवा, समोर! समोर!” तसा तो आणखी जोरानं फिरवायला लागला. नाव धारेत आडवी झाली आणि झाड तिच्यावर आलं. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. साळा बऱ्याच खाली जाऊन एका झुडपाला लागला. नावाडी वर आला नाही. ढिवर पुरात बुडत नाही, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. कमरेला शिसं बांधलं की कोणीही बुडतो.

साहेबांचं पहिलं वाक्य होतं, “मीटर गेलं.” मी त्यांना शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. नावाड्याची बायको काठाकाठानं खाली धावत सुटली होती, चिखलात पडत होती, उठत होती. मी तिच्या मागे गेलो.

साळ्याला वाटलं, आता पोलीस येतील आणि आपल्याला धरतील. तो पाण्यातून निघाला तो सरळ धानोऱ्याकडच्या जंगलात पळाला, कोणाला काही न सांगता. इकडे नदी उतरायला लागल्यावर नाकेदारानं शिट्टी मारून आजूबाजूच्या गावांतले ढिवर गोळा केले आणि सरकारी मीटर शोधायला पाण्यात उतरवले. प्रेत शोधायला नव्हे, मीटर शोधायला. बेगार. दोन्ही एकाच जागी सापडली, एका पडक्या बंधाऱ्याच्या दगडांत, दोर अजून कमरेला. दोर ओला होऊन इतका आवळला होता, की विळ्यानं कापावा लागला. साहेबांनी मीटर धुऊन घेतलं, कोरडं केलं आणि पात्यावर फुंकर मारली. पातं फिरलं. “बरं झालं,” ते म्हणाले. मी तिथेच उभा होतो.

चौकशीला नागपूरहून मोठे साहेब आले. जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, शांत गृहस्थ. आमच्या साहेबांनी जबाब दिला, की मी त्याला ‘पुढे घे’ असं स्पष्ट ओरडून सांगितलं, तरी तो घाबरून मागे फिरला. मी म्हटलं, “तुम्ही ‘समोर’ म्हणालात.” साहेब माझ्याकडे बघतच राहिले. “इथल्या अर्थानं? मी?” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. तेच मला जास्त भयंकर वाटलं. आपण ‘पुढे’च म्हणालो यावर त्या माणसाचा मनापासून विश्वास होता. मी मोठ्या साहेबांना समजावण्याचा प्रयत्न केला, की साताऱ्यात एक अर्थ, इथे दुसरा, मेलेल्या माणसाला पुण्याचा अर्थ घोकवलेला, आणि जिवंत माणसाच्या तोंडून इथला अर्थ निघालेला. ऐकताना मलाच तो बनाव वाटायला लागला.

मोठे साहेब म्हणाले, आणखी कोणी ऐकलं का? नावाड्याच्या बायकोला बोलावलं. ती पदर घेऊन उभी राहिली. “साहेब क्या बोले?” “समोर म्हणे जी.” मला हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, “समोर मतलब?”

तिनं मान वर केली. तिच्या बोलीत त्या शब्दाला एकच अर्थ होता. “समोर म्हंजे समोर,” ती म्हणाली, आणि हात नाकाच्या रेषेत पुढे केला.

“मतलब, आगे?”

“हव जी. आगे.”

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. समोर काय, पुढे काय, अर्थ एकच निघाला. हुकूम पुढे येण्याचा होता आणि नावाडी मागे फिरला. तसंच ठरलं. स्थानिक नावाडी भरवशाचे नाहीत, पुढच्या वर्षी बाहेरून आणावेत, असंही ठरलं. आमच्या साहेबांनी संध्याकाळी दाढी केली.

साळा परतला तेव्हा तळ उठत होता. मी त्याला घेऊन बाईच्या झोपडीत गेलो, कारण तिनं मला पुन्हा पुन्हा तेच विचारलं होतं, “साहेब तं समोर म्हणे, मंग हा मांगं काऊन फिरला?” माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसत नव्हता. साळा दारातच उकिडवा बसला.

मग म्हणाला, “मले बी समजलं होतं, बाई. म्या म्हटलं, भाऊजी, काठाले चला. तो म्हणे, नाई, साहेबाचं समोर म्हंजे तो काठ. चुकलं तं रागावन.”

ती जाळ्याची गाठ मारत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं होतं ती रडेल, साहेबांना शिव्या देईल, निदान मला तरी देईल. ती नवऱ्यावर चिडली. अशी चिडली, की तो तिथे उभा असता तर तिनं त्याला मारलं असतं.

“मराच्या वक्ताले तरी,” ती म्हणाली, “आपल्या बोलीत आयकाचं होतं नं रे.”